मोनिकाची पात

आमच्या मास्तरांना देवानं जीभ दिली ती प्रार्थना सांगायला. पण ती जीभ नको तिथं शब्द देऊन बसती आन् मग तो शब्द वाहता वाहता सगळ्या घराची कंबर मोडती. लगीन होऊन बावीस वर्षं झाली, मी हेच बघत आले.

आम्ही मूळचे लासूर स्टेशनच्या पल्याडचे. आजा-पणजापासून ख्रिस्ती. मास्तरांचं नाव शांतवन. शाळेतले मास्तर न्हवं, फादरांनी नेमलेले धर्मशिक्षक, म्हणून मास्तर. संभाजीनगरच्या मिशननं त्यांना हिकडं सोयगावच्या अंगाला, डोंगराखालच्या वस्तीवर धाडलं, त्याला नऊ वर्षं झाली. वस्तीवर चाळीस घरं, सगळी मजुरीवर. त्यात ख्रिस्ती घरं पाच. बाकीच्यांचा आमच्या देवाशी काही संबंध नाय, पण मास्तरांशी हाये. रेशनकार्डात नाव घालायचं, बोलवा मास्तर. कुणाला घाटीच्या दवाखान्यात न्यायचं, बोलवा मास्तर. शेळी हरवली तरी मास्तर. आन् हे निघाले पायात चपला सारून. घरी बायको ताट वाढून बसलेली का असंना.

चतुराबाईचं घर आमच्या शेजारीच, ख्रिस्ती न्हवं. सत्तरीची म्हातारी, कमरेत वाकलेली. लेक-जावई दोघं गेले, मागं नात राहिली, मोनिका. पोरगी दहावीला. वस्तीवरची एक पोरगी आजपर्यंत दहावीला पोचली न्हवती, म्हणून मास्तरांना तिचं लई कवतिक.

दिवाळी झाली आन् कपाशी फुटली. सहा बायांनी मिळून गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचं, कारभाऱ्याचं, रान उक्तं घेतलं. उक्तं म्हणजे रान संपंस्तोवर सहाजणींनी वेचायचं आन् येईल ते सारखं वाटून घ्यायचं. पाचवी चतुराबाई, सहावी मोनिका. म्हातारीचा हात चालत नाय, पण नात दोघींचं वेचती, म्हणून बायांनी म्हातारीला धरलं होतं. मोनिका नाय तर म्हातारीबी नाय, असा रोकडा हिशेब होता.

सांजच्याला मास्तर जपमाळ घेऊन निघाले, तर चतुराबाई अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत बसलेली. बाकीच्या बायाबी तिथंच.

"मास्तर, पोरगी उद्यापासनं शाळंत जानार नाय," ती वर न बघताच म्हणली.

"आवो, दहावी हाये तिची! आधीच खाडे लई झालेत. हेडमास्तर काय म्हणले? आता एक खाडा झाला तरी फॉर्मचं अवघड हाये."

"तिथं खाडा झाला तर फॉर्म जातो, हितं खाडा झाला तर चूल इझती. मी काय करू, तुमीच सांगा."

मोनिका दारात उभी राहून वेणीचं टोक चावत होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं. मी कुडापलीकडं भांडी घासत होते. मला त्यांचा आवाज ऐकूनच कळलं, आता हा माणूस काहीतरी बोलून बसणार.

"सहावं माणूस पाहिजे ना? मोनिकाच्या जागी मी उभा राहतो."

मग बाया अशा हसल्या, अशा हसल्या, की एकीच्या अंगावर पिणारं लेकरू दचकून रडायला लागलं.

"आगं बाई! मास्तर कमरेला ओटी बांधनार!"

"बांधू द्या की, भरा गं मास्तरांची ओटी! नारळ आना, खन आना!"

आमच्याकडं कापूस बाया वेचत्यात, कमरेला ओटीची झोळी बांधून. गडी माणूस गठुडी वाहतो, गाडी भरतो, काटा धरतो, पण वेचत नाय. मास्तरबी हसले. हसून म्हणले, "उद्या किती वाजता यायचं?"

घरी आल्यावर मी म्हणलं, "चौपन्न वर्षांचं वय तुमचं. जन्मात एक बोंड तरी वेचलंय का?"

"शिकंन की."

"आन् पोरगी शिकावी म्हणून तुमी शिकणार. वा रे वा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं जुनं लुगडं फाडलं आन् कमरेला झोळी बांधली. मी मुद्दाम मशीनवर शिवत बसले, बघितलंसुदिक नाय. पण बातमी माझ्याकडं चालत येती. सकाळी दहिवरानं कपाशी ओली, मास्तर कमरेपर्यंत भिजले. बाया दोन्ही हातांनी दोन बोंडं वेचत्यात, मास्तर एका बोंडाला दोन्ही हात लावत्यात. वाळल्या बोंडाला नख्या असत्यात, त्या बोटात घुसत्यात. बाया पात, म्हणजे आपली ओळ, संपवून बांधावर पानं खात बसायच्या, तेव्हा मास्तर अर्ध्या पातीत. एक जण वरडली, "मास्तर, तिथंच मुक्काम करा, आमी सकाळच्याला येतो!"

दुपारी कारभारी मोटारसायकलवर आला. साठीचा माणूस, रान मोठं, पोरगा शिवम वाळूजला कंपनीत. तोंडानं फटकळ, पण मनात ठेवत नाय. बांधावरनंच म्हणला,

"मास्तर, हे काय नाटक काढलंय? गावात काय बोलत्यात ठाऊक हाये का? म्हनत्यात, मास्तर त्या पोरीला आपल्या धर्मात वढाया बघतोय."

मास्तरांनी कंबर सरळ करायला बघितली, ती झाली नाय. तसंच वाकून म्हणले, "कारभारी दादा, पोरगी तुमच्याच मारुतीला नारळ फोडून परीक्षेला बसू द्या. माझं म्हणणं एवढंच हाये की तिनं बसावं."

कारभाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मंग नीट वेचा. कापसात पाला येऊ देऊ नका."

सांजच्याला काट्यावर बायांचं कुणाचं चाळीस, कुणाचं पंचेचाळीस किलो. मास्तरांचं अकरा. कारभाऱ्यानं काटा दोनदा हलवून बघितला, कुठं अडकला का म्हणून.

तीन दिवस असं गेलं. बोटं चिरली, नखांच्या कडा सुजल्या. रात्रीला कुशीवर वळताना कण्हायचे आन् मी जागी झाले की म्हणायचे, "काही नाय, काही नाय." मी तेल चोळायचे आन् तोंडानं बोलायचे, दोन्ही संगट चालू. तिसऱ्या दिवशी सांजच्या प्रार्थनेला पाच घरची माणसं बसलेली. मास्तर "पित्याच्या नावानं" म्हणले आन् क्रुसाची खूण करायला कपाळाकडं हात न्यायला गेले. हात छातीच्या वर गेलाच नाय. तसाच छातीवर धरून पुढची प्रार्थना म्हणले. लोकांनी डोळे मिटलेले, कुणाला दिसलं नाय. माझे उघडे होते.

सकाळी मी मशीनवर चादर टाकली, साडीवर त्यांचा जुना सदरा चढवला आन् त्यांच्या आधी कपाशीत जाऊन उभी राहिले. माझं सगळं लहानपण गंगापूरच्या कपाशीत गेलेलं. हाताला इसर पडत नाय. दुपारपर्यंत बायांची तोंडं बंद झाली. सांजच्याला माझे सत्तेचाळीस किलो भरले. मास्तर पंधरावर गेले होते. मोनिकाच्या एका जागी आता दीड माणूस उभं होतं, मी एक आन् मास्तर अर्धं.

"मास्तरीणबाई, तुमी पयल्याच दिशी यायचं की," बाया म्हणल्या.

"मला कुणी बोलावलं होतं? मिरवायची हौस ह्यांना."

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. अंग मोडून यायचं, पण बायांसंगट भाकर सोडायची, ठेचा वाटून खायचा, हसायचं. नऊ वर्षांत मी वस्तीवर एवढी हसले न्हवते.

रोज आठच्या सुमाराला मोनिका रस्त्यानं जायची. निळा ड्रेस, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती दिसली की मास्तर कपाशीत ताठ व्हायचे, तिथनंच वरडायचे, "पळ गं, पळ, बस जाईल!" आन् आदल्या दिवसाचं कष्ट तिथंच फिटल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. पोरगी मान खाली घालून झपाझपा निघून जायची. एक दिवस नाय की तिनं थांबून हात हलवला. मला राग यायचा. म्हणलं, आमी हितं बोटं सोलून घेतो आन् हिला एवढा ताठा! चतुराबाईला बोलूनबी दाखवलं. ती म्हणली, "लाजती वो ती." मी म्हणलं, "लाज बरी हाये."

अकरावा दिवस मंगळवार होता, सोयगावचा बाजार. घरात मीठ न्हवतं, मास्तरांच्या बोटांना मलम संपलेलं. मी सकाळची अर्धी पात वेचली आन् अकराच्या बसनं गेले. बाजार करून स्टँडवर आले, तर शेवटच्या बाकड्यावर, मुतारीच्या भिंतीकडं तोंड करून, एक पोरगी पुस्तक उघडून बसलेली. निळा ड्रेस, दोन वेण्या.

"मोनिका? शाळा सुटली का आज?"

ती अशी उठली की पुस्तक खाली पडलं. तोंड पांढरंफटक. काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"किती दिवस झाले हे?"

"तिसऱ्या दिवसापासनं, मावशी."

माझा हात वर गेला. देवाशप्पत, मी तिला मारणार होते. तिकडं तो माणूस बोटातनं रगत काढतोय आन् ही हितं बाकड्यावर!

"पयल्या दिशीच सरांनी सांगितलं," ती हुंदक्यात म्हणली, "खाडे लई झालेत, पालकाला घिऊन ये, त्यांनी हमीपत्र लिहून सही केली की फॉर्म भरतो. दुसऱ्या दिशी समद्या वर्गासमोर इचारलं, आनलं का? तिसऱ्या दिशी मी आतच गेले नाय."

"मग आजीला सांगायचं!"

"आजी आली तर दिवस जातो. बाया आदीच तिला धरून हायेत."

"आन् मास्तर? कचेऱ्या फिरण्यात त्यांचा जन्म गेला! एका शब्दावर आले असते."

"कसं सांगू, मावशी? घरी गेले की त्यांची बोटं दिसायची. त्यांनी माझ्यासाठी येवढं केल्यावर कोनत्या तोंडानं सांगू की फॉर्मच भरला नाय?"

माझा उगारलेला हात खाली आला. मग तोंडातनं निघालं ते भलतंच, "भाकर कुठं खात होतीस?"

"हितंच. अर्धी खायची. अर्धी कुत्र्याला."

मी तिचं मनगट धरलं आन् सरळ शाळेत. हेडमास्तर बरा माणूस होता, चष्मा कपाळावर, टेबलावर कागदांचा ढीग. त्यानं मोनिकाकडं बघितलं आन् मग माझ्याकडं. "आलात एकदाचे. आज शेवटचा दिवस आहे. पाच वाजता मी ऑनलाइन बंद करणार. तुम्ही कोण, आई?"

"नाय."

"मावशी? आत्या?"

"मी हिच्या पातीवर कापूस वेचते."

त्याला काही उमगलं नाय. "बाई, पालकच पाहिजे. शाळेच्या कागदावर आजीचं नाव आहे. त्यांची सही आणा. पाचच्या आत."

घड्याळात दीड वाजून गेलेला. वस्ती चौदा किलोमीटर. मास्तरांचा फोन प्रार्थनेच्या पिशवीत, पिशवी घरी खुंटीला. बायांकडं फोन नाय. माझ्याकडं एकच नंबर होता, कारभाऱ्याचा. लावला तर उचलंना. पुन्हा लावला, पुन्हा नाय. जेवून आडवा झाला असंल. पोरगी शाळेच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेली, तिचे ओठ सुकलेले. मी फोन लावत राहिले आन् मनात नमो मारियाची प्रार्थना म्हणत राहिले. साडेतीनला उचलला.

"कारभारी दादा, चतुराबाईला घेऊन शाळेत या. आत्ताच्या आत्ता."

"आवो पन कापूस…"

"कापूस कुठं पळून जात नाय! पोरीचं वरीस चाललंय! या म्हणते ना!"

एवढ्या मोठ्या शेतकऱ्यावर मी आधी कधी वरडले न्हवते. तिकडं खाट करकरली. मग म्हणला, "आलोच."

साडेचार वाजून गेले, तेव्हा मोटारसायकल फाटकातनं आत आली. पुढं कारभारी, मधी चतुराबाई गच्च डोळे मिटून त्याच्या सदऱ्याला धरलेली, मागं मास्तर, पाय लोंबकळत. तिघांच्या डोक्यात कापूस. मास्तरांच्या कमरेला झोळी तशीच, सोडायचं भानच नाय. शाळा सुटत होती, पोरं बोटं दाखवून हसली. मास्तरांना अजून काहीच ठाऊक न्हवतं. त्यांना वाटलं पोरीला काहीतरी झालं. मोनिका उभी दिसली तसं त्यांनी हुश्श केलं आन् हसले.

हेडमास्तरनं हमीपत्र चतुराबाईसमोर ठेवलं आन् शाईचा डबा पुढं सरकवला. म्हातारीनं डबा माघारी ढकलला. "मला सही येती. नातीनं शिकीवली."

"आजी, दहा मिनिटं राहिलीत."

"येती म्हनलं ना."

तिनं पेन मुठीत धरलं. च काढला. थांबली. तु काढला. कारभाऱ्याच्या कपाळावर घाम. रा काढायला तिनं एवढा वेळ लावला की मला वाटलं पेन हिसकून घ्यावं. सही झाली. हेडमास्तरनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं, कागद बाहेर आला, त्यानं शिक्का मारला. पाचला चार कमी.

मग तो मास्तरांकडं वळला. त्याचं मन वाईट न्हवतं, सहज बोलला. "मास्तर, कारभारी सांगत होते तुम्ही हिच्या जागी कापूस वेचता. कमाल आहे. पण एकदा हिच्याबरोबर इथं आला असता तर त्याच दिवशी झालं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं हो."

मास्तर आपल्या बोटांकडं बघत राहिले. नऊ वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे कागद घेऊन कचेऱ्या फिरला होता. सगळ्या जगात त्यांना एकच काम बरं जमतं, आन् तेवढंच पोरीला पाहिजे होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मोनिकाला विचारलं, अगदी हळू, "मला का नाय सांगितलंस, बाळा?"

पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "तुमी कदी इचारलंच नाय, मास्तर. तुमी रोज नुसतं पळ पळ म्हनायचे."

मास्तर मटकन शाळेच्या पायरीवर बसले. चतुराबाई त्यांच्याजवळ गेली, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं आता पाया पडती. पण म्हातारीनं घसा खाकरला.

"आता निघालंच हाये तर मीबी बोलून घेते. रागावू नका. तुमचा कापूस आमी रोज सांजच्याला परत निवडायचो. पाचजनी. निम्मा पाला असायचा. कारभाऱ्याला दिसू नये म्हून गठुड्याआड बसून निवडायचो."

"मला दिसत होतं," कारभारी म्हणला.

"बघा. तर उद्यापासनं पातीवर मास्तरीनबाई येऊ द्या, त्यांचा हात सोनं हाये. तुमी दर आठ दिसाला पोरीसंगट शाळंत या. हितं बोलाया मानूस लागतं. आमाला कुठं बोलाया येतं?"

मास्तरांनी मान हलवली. मग थांबले, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणले, "ते संध्याला इचारावं लागंल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "येईन. पण ह्यांच्या वाट्याचा ठेचा मला पाहिजे." चतुराबाई बोळक्या तोंडानं हसली.

कारभारी आजी-नातीला घेऊन गेला. आम्ही दोघं बसनं. माझ्या जिभेवर लई काही होतं. बघा, मी म्हणत न्हवते का, असं बावीस वर्षांचं साठलेलं. पण खिडकीकडं तोंड करून बसलेला तो माणूस बघितला आन् गिळून टाकलं. त्यांच्या डोळ्यातनं पाणी येत होतं, आन् ते पुसायला हात वर जात न्हवता.

घरी आलो. मी चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. प्रार्थनेला अजून वेळ होता. मास्तर उंबऱ्यावर बसले. पहिली भाकर तव्यावर टाकली, तेव्हा मागनं आवाज आला,

"संध्या, तुला काय पाहिजे?"

"मीठ आणलं, मलम आणलं. अजून काय पाहिजे?"

"तसं नाय. तुला." ते माझ्याकडं तोंड करून बसले. "नऊ वर्षांमागं फादर म्हणले, डोंगराकडं जाशील का. मी हो म्हणलो. घरी येऊन तुला सांगितलं, सामान बांध. इचारलं नाय. आपली लेक नर्सिंगला गेली, तू एकली पडलीस, तवाबी इचारलं नाय. आज इचारतो. तुला काय पाहिजे?"

मी तोंड उघडलं. ज्या तोंडाला वस्ती घाबरती, कारभारी घाबरतो, त्या तोंडातनं शब्द फुटंना. भाकर तव्यावर करपायला लागली, वास सुटला, तरी हात हलंना. रडू आलं ते आवरंना. मास्तर उठले नाय, समजूत घातली नाय, देवाचं नाव घेतलं नाय. नुसते बसून राहिले, वाट बघत.

मी पदरानं तोंड पुसलं. जळकी भाकर चुलीपुढं टाकली, तवा खाली उतरवला आन् त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बसा," म्हणलं. "लई हाये."